टाकीले कूलर

आमच्या घरची न्हाणी फोडून तिचं बाथरूम केलं ते ऐन मे महिन्यात. मी म्हटलं होतं, पाऊस पडू दे, मग हात लाव. मुलगा म्हणाला, "बाबा, आई तोवर कशी राहीन?" मी उठून कामाला गेलो. मी उठून गेलो म्हणजे मान्य केलं, असा अर्थ आमच्या घरात उगाच काढतात.

कारण असं होतं की माझ्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं बजावलं, पाटावर बसायचं नाही, वाकायचं नाही. त्यात तिचा उजवा खांदा आधीपासूनच आखडलेला, हात कानाच्या वर जात नाही, आणि डाव्या हातानं काठी धरायची. म्हणजे खुर्चीवर बसली, बादली स्टुलावर ठेवली, तरी मग्गा डोक्यावर न्यायचा कोणी? सून न्यायची. सून चांगली आहे, हात हलका आहे तिचा, तक्रार करायला जागा नाही. पण माझ्या बायकोनं जन्मभर आंघोळ दार लावून केली. मलाही तिनं कधी पाठ घासू दिली नाही. आता रोज दार उघडं, सून मग्गा घेऊन उभी, आणि ही डोळे गच्च मिटून खुर्चीवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

एक दिवस ती मला म्हणाली, "तो नव्या बाथरूमचा फवारा लागू द्या एकडाव. दार लावून माझी मी आंघोळ केली, तर इथं राहीन. नाही तर मी पारशिवनीले जातो भावाकडं."

"तिथं कोणता फवारा आहे?"

"नाही जी. पण दुसऱ्याच्याच हातानं न्हायचं, तर भावजयीच्या हातानं न्हाईन. ती माझ्या वयाची आहे. तिचंही सगळं माझ्यासारखंच लोंबून राहिलं. तिच्यासमोर कायची लाज?"

"किती दिवस राहशीन?"

"गुडघे वाकतवर."

गुडघे आता पूर्ण कधीच वाकणार नाहीत, हे डॉक्टरनं आम्हा दोघांसमोरच सांगितलं होतं.

मी कूलरवाला आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढं पत्रा. या शहरात किती खिडक्यांत माझे कूलर बसले असतील ते मला माहीत नाही, आणि ज्यांच्या खिडकीत आहेत त्यांनाही माहीत नाही, कारण मी पत्र्यावर कधी नाव टाकलं नाही. पत्रा कापायचा, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावायच्या, खाली पाण्याचा ट्रे, ट्रेमध्ये पंप, पंपाचं पाणी वरच्या भोकाभोकाच्या पाइपातून ताट्यांवर ठिबकतं, आणि पंखा त्या ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. एवढंच. पण एवढंच नसतं तर नागपूरचा माणूस मे महिना पाहून गाव सोडून गेला असता. तेव्हा पाणी थंड कसं राहतं आणि कसं राहत नाही, हे मला कोणी शिकवू नये.

जुन्या न्हाणीत मी स्वतः बांधलेलं सिमेंटचं टाकं होतं. सकाळी नळ आला की भरायचं, संध्याकाळपर्यंत पाणी माठासारखं. मुलगा म्हणाला, जागा अडते, आईची खुर्ची बसत नाही. ते फोडत होते तेव्हा मी मागच्या शेडमध्ये जाऊन पत्रा ठोकत बसलो. त्या पत्र्याचं काही करायचं नव्हतं. नुसता ठोकत होतो.

बाथरूम झालं मात्र झकास. खरखरीत टाइल, भिंतीला धरायला चकचकीत दांडी, मधोमध खुर्ची, आणि वर ताटाएवढा फवारा. खाली दोन चाव्या, एकीवर लाल ठिपका, एकीवर निळा. लाल म्हणजे गीझरचं गरम, निळा म्हणजे टाकीचं थंड. हे मुलानं मला दोन वेळा समजावलं, जसा काही मी लाल-निळा पहिल्यांदा पाहत होतो.

माझी बायको आंघोळ करते संध्याकाळी. सकाळी तिचे गुडघे लाकडासारखे असतात, दुपारनंतर ते नरम पडतात. शिवाय माहेरापासूनची सवय, दिवसभराचं काम झालं की न्हायचं, मग जेवायचं. पहिल्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर ती नवा टॉवेल घेऊन आत गेली. दार लावलं. आम्ही तिघं बाहेर उभे, म्हणजे मी, मुलगा आणि सून. निळी चावी फिरवल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग तिचा.

"अगाई गं! अजी, पाण्याले आग कोणं लावली?"

दार उघडायला ती उठेपर्यंत सून बाहेरून ओरडत होती, "आत्याबाई, चावी बंद करा, आधी चावी!" ती बाहेर आली तेव्हा खांदा लालबुंद झाला होता. सुनेनं तिला खोबरेल लावलं. त्या दिवशी ती तशीच जेवली, आणि न न्हाता जेवणं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मेकॅनिक माणूस ऐकत नाही, हात लावून पाहतो. मी आत जाऊन निळी चावी फिरवली. चहाचं पाणी. लाल फिरवली. थंडगार. गीझरचं बटण तर बंद. मी मुलाला म्हटलं, "तुझ्या प्लंबरनं लाइनी उलट्या जोडल्या." आणि प्लंबरला बोलावलं.

तो आला, वर पाहिलं, खाली पाहिलं, म्हणाला, "काकाजी, लाइन बरोबर आहे."

"निळ्याखाली हात घाल."

त्यानं घातला आणि झटकन काढला. "आयला!"

"आता लाल."

"हे तर थंडं आहे."

"मग?"

"मग, लाइन बरोबर आहे."

"भाऊ, तुले हात आहे का नाही?"

"काकाजी, मी ह्याच हातानं जोडली नं लाइन."

"त्याच हातानं आता चटका खाल्ला नं?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "उन्हाळ्यात असं होत असन कधी कधी."

"पाइपाले उन्हाळा-हिवाळा समजते काय गा? तो काय माणूस आहे? उलट कर."

"बरोबर आहे ते उलट करू?"

"उलट आहे ते बरोबर कर."

मुलगा मध्ये पडत होता, त्याला मी ऑफिसात जायला सांगितलं. प्लंबरनं नवी कोरी टाइल फोडली, लाइनी अदलाबदल केल्या, दुसरी टाइल बसवली. ती रंगानं थोडी वेगळी आहे, अजूनही दिसते. जाताना म्हणाला, "काकाजी, हिवाळ्यात मले फोन नका करजा." मी म्हटलं, कायले करीन.

संध्याकाळी पुन्हा बायको आत. दार बंद. निळी चावी फिरली. आम्ही श्वास धरून. आतून आवाज आला, "आलं जी! थंडगार आलं!" मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलकडे पाहायला लागला. आतून पाण्याचा आवाज, साबणाचा वास, मध्येच तिचं आपल्याशीच काहीतरी पुटपुटणं. मी सुनेला म्हटलं, चहा ठेव. ती वळली तोच आतून पुन्हा तीच किंकाळी, या वेळी तोंडात साबण घेऊन.

"बटन कोणं दाबलं? अवं सूनबाई, बटन पाह्य!"

"आत्याबाई, बटन बंदच आहे!"

"मग हे पाणी काय माझ्या सासूनं तापवलं?"

सुनेला आत जावं लागलं. साबण धुवायला पिण्याच्या माठातलं पाणी न्यावं लागलं. दार अर्थात उघडं.

तेव्हा मला सगळं समजलं, आणि समजलं ते मी लपवलं नाही, जेवताना सगळ्यांना सांगितलं. गीझर बंद होता, आणि तो बाथरूमच्या सावलीत, जाड कपड्यांत गुंडाळल्यासारखा. त्याच्यातलं पाणी सकाळपासून गार पडून होतं. ते संपलं की त्याच्यात गच्चीवरच्या टाकीचं येणार, आणि गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात. म्हणजे आमच्या घरात उन्हाळाभर गीझर हा माठ असतो आणि टाकी हा गीझर असतो.

मुलगा म्हणाला, "म्हणजे प्लंबर बरोबर होता."

"प्लंबरले तरी कुठं माहीत होतं तो काहून बरोबर होता?" मी म्हटलं. "तसं बरोबर असणं काही खरं नाही."

बायको भाकरीचा तुकडा मोडत होती आणि मोडलेला पुन्हा मोडत होती.

मुलानं मोबाइल दाखवला. टाकीला पांढरा रंग मारतात, वर हिरवी जाळी बांधतात, सावली करतात. मी म्हटलं, "सावलीनं थंड होत असतं तर लोकांनी कूलर काहून घेतले असते? झाडाखाली बसले असते."

"मग काय करायचं?"

"टाकीले कूलर लावतो."

मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. बायको एव्हाना आत जाऊन पडली होती, तिथूनच म्हणाली, "लावू दे त्यायले. वर गच्चीवर तरी राहतीन. खाली ठेवले तर पुन्हा भिंत फोडतीन."

नवतपा लागला होता, म्हणजे ते नऊ दिवस, जेव्हा नागपुरात कुत्रंही रस्ता ओलांडताना विचार करतं. मी पहाटे गच्चीवर चढायचो आणि ऊन वर आलं की उतरायचो. जुन्या कूलरांचे पत्रे होते, ते कापून टाकीभोवती चौकट केली. चारी बाजूंना नव्या खसाच्या ताट्या. घरच्या कूलरला तीनच बाजूंना ताट्या असतात, चौथीकडून हवा खोलीत जाते. इथं चारी. वर पत्र्याचं झाकण, त्याला भोक, भोकात पंखा, तो हवा वर ओढणार. खाली गोल ट्रे, त्यात पंप. आणि ट्रेमध्ये पाणी आपोआप भरलं जावं म्हणून टाकीच्याच पाइपातून एक जोड काढून त्याला तरंगता गोळा लावला, पाणी कमी झालं की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. कोणाजवळ पाणी मागायची गरज नाही. टाकी आपली आपण थंड होणार. हा विचार मला इतका आवडला की मी एकटाच हसलो.

समोरच्या घराच्या गच्चीवर शेजारीण कुरड्या वाळत घालत होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढत विचारलं, "काय जी काकाजी, टाकीले घाम येऊन राहिला का?"

"हो. तुमच्या टाकीले येत नाही?"

"आमची टाकी गरिबाची. तिले पंखाही नाही."

"मग कुरड्या उन्हात कायले टाकता? टाकीत टाका, शिजून निघतीन."

"बापा! काकीचे गुडघे दुखून राहिले आणि हवा टाकी खाऊन राहिली," असं म्हणत ती खाली गेली. पण नवऱ्याला घेऊन परत वर आली. दोघं बराच वेळ पाहत होते. कामाची पारख असलेला माणूस असाच पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला, टाकी काठोकाठ भरली आणि मी बटण दाबलं. चारी ताट्या भिजल्या, खसाचा वास खालच्या गल्लीत गेला. लोक वर मान करून वास घेत होते. दुपारी मी ओलं फडकं डोक्यावर घेऊन चढलो, झाकण सरकवलं आणि पाण्याला हात लावायला गेलो. कोपरापर्यंत हात घातला तरी पाणी लागेना. खांद्यापर्यंत घातला, तेव्हा बोटं बुडाली. काय पाणी होतं! विहिरीचं. मी म्हटलं, थंड पाणी जड असतं, म्हणून खाली बसलं असेल. आणि खाली उतरून सगळ्यांना सांगितलं की आज आंघोळ होणार.

बायकोनं केसांना तेल लावून घेतलं. तिला माझ्यावर विश्वास होता असं मी म्हणणार नाही, पण तेल लावलं. मुलगा ऑफिसातून लवकर आला. शेजारीण काहीतरी मागायला म्हणून आमच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि काय मागायचं ते विसरली. बायको आत गेली, दार लावलं, निळी चावी फिरवली.

फवाऱ्यानं आधी खाकरल्यासारखं केलं. मग एक मोठा ढेकर. मग दोन-चार थेंब. मग काही नाही.

"अजी," आतून आवाज आला, अगदी शांत, "कधी येते?"

मुलगा धावत गच्चीवर गेला. वरून त्याचा आवाज आला, "बाबा, टाकी रिकामी आहे!"

"कशी रिकामी? सकाळी भरली."

"कूलर प्यायला!"

आता, घरचा छोटा कूलरसुद्धा नवतप्यात दिवसभरात ड्रम पितो, हे नागपुरात शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि हा तर चार तोंडांचा. त्यात सुनेनं त्या दिवशी चादरी धुतल्या, ट्रेही एका कोपऱ्यातून ठिबकत होता. ते सगळं धरलं पाहिजे. माझा कूलर नापास झाला असं कोणी म्हणू नये. त्या दिवशी ती या शहरातली सगळ्यात थंड टाकी होती. फक्त तिच्यात पाणी नव्हतं. आणि जे दोन-चार थेंब पडले ते थंड होते, हे बायकोनं स्वतः मान्य केलं.

पण तेल लावलेले केस तसेच ठेवता येत नव्हते. स्वयंपाकघरातल्या पिंपात पाणी होतं. सून मग्गा घेऊन आत गेली. मी अंगणात उभा होतो. शेजारीणही घरी गेली.

न्हाऊन आल्यावर बायकोनं भावाला फोन लावला. "उद्या ये गा भाऊ. गाडी घेऊन ये, मले एसटीत चढवत नाही. हो, ऊन उतरलं की ये. नाही, भांडण नाही झालं. भांडायले माणूस खाली तर पाहिजे." मग सुनेला म्हणाली, कपडे बॅगेत भर, गाऊनच भर, तिथं कोण पाहते. मला म्हणाली, "तुमच्या बीपीच्या गोळ्या कुठं आहेत ते सूनबाई दाखवीन." माझ्या गोळ्या कुठं असतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, त्या जेवणाबरोबर येतात.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून व्हरांड्यात काम काढून बसलो. सुनेच्या खोलीसाठी एक नवा कूलर करून ठेवला होता, कोरा पत्रा, कोऱ्या ताट्या. त्यात नळाचं ताजं पाणी भरलं आणि चालू करून पाहत होतो. पाहण्यासारखं काही नव्हतं, माझा कूलर पहिल्या बटणाला चालतो. बायको काठी टेकत आली आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बसली. बॅग तिच्या पायाशी.

मी एका बाजूची ताटी काढून पंप पाहत होतो. तिनं बसल्या बसल्या उघड्या बाजूनं ट्रेमध्ये बोटं बुडवली. मग हात बुडवला. मग ओला हात मानेवरून फिरवला, आणि पुन्हा बुडवला.

"हे तर माठाचं आहे," ती म्हणाली.

"राहीनच नं. ताटीवरून फिरून फिरून थंड होते."

"मग मले हे काहून नाही देत?"

"ते कूलरचं पाणी आहे."

"बरं, मग?"

"कूलरचं पाणी कूलरसाठी असते. मी जन्मभर गिऱ्हाइकाले सांगून राहिलो, ह्या पाण्यात हातही घालू नका म्हणून."

"मी गिऱ्हाईक आहे का? आणि हे आजचंच पाणी आहे, तुम्हीच भरलं नं माझ्यासमोर?" तिनं हात झटकला, पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. "टाकीले कूलर लावता येते तुम्हाले. तर मग कूलरलेच टाकी समजा नं. आंघोळ मले करायची आहे का तुमच्या टाकीले?"

मी चष्मा पुसला. चांगला वेळ लावून पुसला. मग म्हटलं, "पंप नवा लागीन."

सीताबर्डीच्या बाजारात मी स्वतः ऊन अंगावर घेऊन गेलो आणि नवा पंप आणला. मुलगा त्या दिवशी घरीच होता, मामा येणार म्हणून. त्याला बेत सांगितला तर तो ओरडलाच, "बाबा, करंट लागीन आईले! बाथरूममध्ये पंप?" त्याचं म्हणणं मी ऐकलं, कारण करंट कोणाचाही सगा नसतो. मी म्हटलं, पंप बाथरूममध्ये नाही, अंगणात. कूलर अंगणात बाथरूमच्या झरोक्याखाली ठेवू, बाजूला लोखंडी स्टँडवर झाकणाचा ड्रम चढवू. पंप गार पाणी ड्रमात चढवीन. ड्रम भरला की बोर्डातून पिन काढून टाकायची, सगळं बंद. मग ड्रमातून पाइप झरोक्यातून आत, पाणी आपल्या वजनानं उतरीन.

बापलेकांनी मिळून ते उभं केलं. मुलाला पाना धरता येतो हे मला त्या दिवशी समजलं. पाणी चढलं, पाइप आत घेऊन ताटाएवढ्या फवाऱ्याला जोडला. पण ड्रमाला टाकीएवढी उंची कुठली? त्या फवाऱ्याची भोकं सुईची, त्यातून पाणी लाळ गळल्यासारखं गळायला लागलं. बाहेर ऊन पिवळं पडत होतं. पारशिवनीहून मेहुणा निघण्याची वेळ जवळ येत होती.

मी फवारा उपसून काढला. कूलरमध्ये ताट्यांवर पाणी ठिबकवायचा भोकाभोकाचा पाइप असतो, तो एका जुन्या कूलरचा काढला, भोकं जरा मोठी केली आणि खुर्चीच्या वर भिंतीला तारेनं बांधला, खाली हाताशी चावी ठेवली. पाणी सोडलं. सरळ, रुंद, भरपूर, पावसासारखी झड. ह्या कामासाठी ताटाएवढा फवारा कशाला पाहिजे, मला तेव्हाही समजलं नाही, आताही समजत नाही.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "हे ते ताटी भिजवायचं नं?"

"हो."

"म्हणजे मी आता ताटी."

"ताटीच. पण कोरी नाही."

"तुमचा पत्रा तरी कुठं कोरा आहे? सगळ्याले पोचे पडले," ती म्हणाली, आणि सून तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

"करंट नाही नं लागणार?"

"पंप बंद आहे. पिन बाहेर आहे."

"आधी तुम्ही उभे राहा."

मी आत गेलो. कपडे काढायला वेळ नव्हता, पायजमा-बंडीसकट खुर्चीवर बसलो आणि मुलाला म्हटलं, सोड. डोक्यावरची टोपी काढायचं राहून गेलं. पाणी असं गार होतं की माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि तो आवाज करंटचा समजून मुलानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. बायको म्हणाली, "सोड त्यायले, हसून राहिले ते."

ड्रम पुन्हा भरला. पिन काढली. ती आत जाताना म्हणाली, "पिन कुठं आहे?"

"माझ्या हातात."

"माझं होतवर हातातच ठेवा. अंगणात उभे राहा, आणि बोलत राहा. बोलणं थांबलं तर मी समजीन की लावायले गेले."

दार लागलं. कडी वाजली. मी ओल्या कपड्यांत, ओल्या टोपीत, अंगणात झरोक्याखाली उभा राहिलो, हातात वायरची पिन, आणि बोलायला लागलो. काय बोलावं? "पिन हातात आहे," म्हटलं. आतून पाणी सुरू झालं. "हातातच आहे." पाणी चालूच. "अजून हातात आहे."

शेजारीण गच्चीवरून म्हणाली, "काय जी काकाजी, कोणासंग बोलून राहिले?"

"काकीसंग."

"दिसून तर नाही राहिल्या."

"म्हणूनच बोलून राहिलो."

आतून किंकाळी येईल म्हणून मी कान लावून होतो. आली नाही. पाण्याचा आवाज कधी जास्त, कधी कमी, खुर्ची सरकल्याचा, साबणाचा डबा पडल्याचा. डबा पडला तेव्हा सून धावत दारापाशी आली, "आत्याबाई, येऊ का?" आतून उत्तर आलं, "काय काम आहे वं तुझं इथं?" सून परत गेली. जाताना हसत होती की रागावली होती ते मला दिसलं नाही.

"पिन हातात आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलगा मोबाइल घेऊन आला, मामाचा फोन. एका हातात पिन, दुसऱ्या हातात मोबाइल. मेहुणा म्हणाला, "जिजाजी, मी निघून राहिलो. ताईची तयारी झाली नं?"

मी म्हटलं, "थांब. ती आंघोळ करून राहिली."

"झाली की विचारा तिले. निघू का नको?"

"आता कसं विचारू?" मी म्हटलं. "दार आतून बंद आहे."